वारं गेल्यावरचे साडेचार तास आणि पुढचे महिने : वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत मेंदू आणि मज्जातंतूंच्या आजारांवर आलेल्या पत्रांतली बरीचशी लकव्याबद्दलची आहेत. त्यांतली पाच पत्रं इथे घेतली आहेत. उपचारांची बाजू मेंदूविकारांच्या डॉक्टरांनी पाहिली आहे, व्यायामाची फिजिओथेरपिस्टनी.

प्रश्न : आमच्या आबांना (वय ६६) पहाटे पाचला उठल्यावर उजवा हात उचलेना, बोलणं बरळल्यासारखं येत होतं. गावातल्या डॉक्टरांनी बीपी १९०/१०० आहे म्हणून जिभेखाली गोळी दिली, सलाईन लावलं आणि दुपारी मिरजेला न्यायला सांगितलं. तिथे कळलं की इंजेक्शनची वेळ निघून गेली. ही वेळ नेमकी कोणती? आमचं कुठे चुकलं? (जत तालुका)

मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असेल तर ती गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. हा आकडा चाचण्यांतून आला आहे. १९९५ साली अमेरिकेत ६२४ रुग्णांवरच्या चाचणीत पहिल्या तीन तासांतला फायदा दिसला. २००८ मध्ये युरोपातल्या चाचणीने ती मर्यादा साडेचार तासांवर नेली. साडेचार तासांच्या आत कधीही दिलं तरी सारखंच, असा मात्र याचा अर्थ नाही. पहिल्या दीड तासात दिलेल्या इंजेक्शनचा फायदा चौथ्या तासात दिलेल्यापेक्षा कितीतरी जास्त असतो.

आबांचं वजन ६० किलो धरलं तर अल्टेप्लेजचा (हेच ते गुठळी विरघळवणारं औषध) डोस होतो ५४ मिलिग्रॅम (किलोमागे ०.९, जास्तीत जास्त ९०). त्यातला दहावा भाग, म्हणजे ५.४ मिलिग्रॅम, एका मिनिटात शिरेतून देतात आणि उरलेलं औषध तासाभरात पंपाने सोडतात. म्हणून दारातच वजन विचारलं जातं. ते घरच्यांना माहीत असावं. आता बऱ्याच ठिकाणी टेनेक्टेप्लेज वापरतात, ते एकाच वेळी टोचता येतं. त्याआधी सीटी स्कॅन हवाच, कारण लकवा रक्तस्रावानेही होतो आणि अशा रुग्णाला हे औषध दिलं तर जीव जाईल. गुठळी असली तरी धोका आहेच. १९९५ च्या चाचणीत औषध मिळालेल्या शंभरांत सुमारे सहा जणांना मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला. तरीही तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ण बरे असलेले लोक त्याच गटात जास्त होते.

आता आबांच्या बाबतीत काय झालं ते पाहू. ते झोपेतून उठले तेव्हा हात गेलेला होता, म्हणजे वारं नक्की कधी गेलं ते कुणालाच माहीत नाही. अशा वेळी ‘शेवटचं धडधाकट कधी पाहिलं’ तिथून घड्याळ धरतात. रात्री दहाला जेवून नीट बोलले असतील तर रात्री दहा. त्या हिशोबाने वेळ पहाटेच संपलेली होती. पण तिथेही वाट अगदीच बंद नसते. २०१८ च्या एका चाचणीत झोपेत लकवा झालेल्यांचा एमआरआय करून, मेंदूचा भाग नुकताच बाधित झाल्याची खूण असेल तर इंजेक्शन दिलं, आणि त्यांना फायदा झाला. मोठी वाहिनी बंद असेल तर जांघेतून नळी घालून गुठळी ओढून काढता येते. ते निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत चालतं, हेही २०१८ मध्येच सिद्ध झालं. तेव्हा ‘वेळ गेली’ हे वाक्य स्कॅन पाहून डॉक्टरांनी म्हणायचं. घरच्यांनी आधीच ठरवून थांबू नये.

जिभेखालच्या गोळीबद्दल स्पष्टच लिहितो. लकव्यात बीपी वाढतं, कारण बंद वाहिनीच्या आजूबाजूच्या भागाला रक्त पोचवायची शरीराची ती धडपड असते. ते एकदम खाली आणलं की वाचू शकणारा भागही कोरडा पडतो. इंजेक्शन द्यायचं असेल तर बीपी १८५/११० च्या खाली लागतं, पण ते दवाखान्यात, शिरेतून, मोजून मापून उतरवतात. गावात फक्त एक तपासणी वाया जात नाही, ती म्हणजे ग्लुकोमीटरवर साखर. साखर फार खाली गेली तरी हुबेहूब लकव्यासारखं दिसतं, आणि ते ग्लुकोज दिल्यावर मिनिटांत उतरू शकतं.

पुढच्या वेळेसाठी (आबांना दुसरा झटका यायचा धोका सर्वसाधारण माणसापेक्षा जास्त आहे, म्हणून लिहितो) : तोंड वाकडं, एक हात खाली पडतो, बोलणं बिघडलं, एकाएकी दिसेनासं झालं किंवा तोल गेला, यांतलं एकही दिसलं तरी १०८ ला फोन करा. जतहून मिरज-सांगलीला दोन तास लागतात, म्हणजे निम्मी वेळ रस्त्यातच जाते. म्हणून निघतानाच दवाखान्यात फोन करून दोन गोष्टी विचारा : सीटी आत्ता चालू आहे का, आणि गुठळीचं इंजेक्शन देता का? दोन्हीला ‘हो’ असेल तिथेच जा. वाटेत ‘नुसतं दाखवून घेऊ’ म्हणून थांबू नका. पाणी, चहा, गोळी, अॅस्पिरिनसुद्धा तोंडाने देऊ नका. घास श्वासनळीत उतरून न्यूमोनिया होतो, आणि रक्तस्राव असेल तर अॅस्पिरिन घातक. उलटी होत असेल तर कुशीवर झोपवा. चालू औषधांची पिशवी सोबत घ्या, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती आधी दाखवा. कबुतराचं रक्त चोळायला म्हणून अजूनही काही घरांतून माणसं दुसऱ्याच गावाला जातात. त्या फेरीत गेलेला तास परत मिळत नाही.

प्रश्न : अण्णांना लकवा होऊन पाच महिने झाले. काठीने चालतात. हात खांद्यापर्यंत उचलतो, बोटं अर्धवट उघडतात. फिजिओ आठवड्यातून दोनदा येतात. बाकी दिवस मी तेल लावून हात फिरवून देतो, चेंडू दाबायला देतो, दाराला कप्पी लावून दोरीने हात वर ओढायचा व्यायामही चालू आहे. आता वाचलं की घरच्यांनी व्यायाम करून घेऊन काही फायदा होत नाही असं भारतातल्याच मोठ्या संशोधनात दिसलं. मग हे सगळं बंद करू का? (कराड)

बंद करू नका, पण बदला.

तुम्ही वाचलंय ती ‘अटेंड’ नावाची चाचणी. २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष आले. देशभरातल्या १४ दवाखान्यांतले १,२५० रुग्ण चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले. एका गटातल्या घरच्या माणसाला दवाखान्यात आणि नंतर घरी जाऊन व्यायाम शिकवले, दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार मिळाले. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्वाचं प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्के, तंतोतंत सारखं. निकाल निराश करणारा आहे आणि तो खरा मानायला हवा. पण त्यातून सिद्ध होतं एवढंच, की त्या पद्धतीने, तेवढ्या प्रमाणात घरच्यांना शिकवल्याने नेहमीच्या उपचारांवर वेगळी भर पडत नाही. दुसऱ्या गटातले रुग्ण वाऱ्यावर सोडलेले नव्हते, हे विसरू नका. शिवाय मोजमाप ‘स्वतःचं स्वतः करतो की दुसऱ्यावर अवलंबून आहे’ असं ढोबळ होतं. बोटं किती उघडतात हे त्या पट्टीवर दिसत नाही.

खरा प्रश्न व्यायाम कोण करतं हा आहे. तुम्ही अण्णांचा हात फिरवता तेव्हा काम तुम्ही करता. सांधा मोकळा राहतो, कातडी बरी राहते, तेवढं चालू ठेवा, दहा मिनिटं पुरे. पण हात हलवायचा हुकूम अण्णांच्या मेंदूने द्यावा लागतो, तरच नवी जोडणी होते. २००६ मध्ये अमेरिकेत २२२ रुग्णांवर एक चाचणी झाली. सगळे लकव्यानंतर तीन ते नऊ महिन्यांतले, म्हणजे अण्णांच्याच टप्प्यावरचे. त्यांतल्या एका गटाच्या चांगल्या हातात जाड मोजा घालून तो जागेपणीच्या ९० टक्के वेळ अडवून ठेवला आणि लुळ्या हाताकडून दोन आठवडे रोज कित्येक तास कामं करून घेतली. हातात झालेली सुधारणा वर्षभराने तपासली तेव्हाही टिकून होती. ‘तीन महिन्यांत आलं ते आलं’ हे खरं नाही. पहिल्या तीन महिन्यांत वेग जास्त असतो, एवढंच.

ही पद्धत ज्याच्या हाताला मनगट आणि बोटं थोडी तरी स्वतः वर उचलता येतात त्याच्यासाठीच आहे. अण्णांचा हात टेबलाच्या कडेवर असा ठेवा की पंजा खाली लोंबेल. मनगट थोडं, साधारण १० अंश, वर येतं का, अंगठा आणि निदान दोन बोटं तितकीच उघडतात का ते पाहा. उघडत असतील तर तुमच्या फिजिओंशी बोलून घरी दिवसातून दोन-तीन तासांची आवृत्ती करता येईल. चांगल्या हातात जाड मोजा घाला, पण फक्त बसलेले असताना. काठी त्याच हातात असते, मोजा घालून चालायला लावलं तर पडतील. चुलीजवळ, गरम चहाजवळही नको.

कामं घरातलीच घ्या. एका परातीत हळकुंडं, शेजारी रिकामी पाटी. दहा मिनिटांत किती हळकुंडं एका भांड्यातून दुसऱ्यात गेली ते मोजा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेखाली लिहा. सलग तीन दिवस ४० च्या वर गेली की हळकुंडांऐवजी भुईमुगाच्या शेंगा घ्या, मग शेंगदाणे, मग हरभरा. वस्तू लहान झाली की आकडा खाली येईल, तो यायलाच हवा. फिजिओथेरपीच्या नेहमीच्या एका सत्रात लुळ्या हाताच्या कामाच्या सरासरी ३२ आवृत्त्या होतात, असं २००९ च्या एका पाहणीत मोजलं गेलं. शिकायला तेवढ्या फार कमी आहेत. मात्र उलट टोकही नको. आवृत्त्यांची संख्या हजारोंनी वाढवून पाहिलेल्या २०१६ च्या चाचणीत नुसत्या जास्त संख्येचा वेगळा फायदा दिसला नाही. जमेल-न जमेल अशा काठावरचं काम निवडणं आणि ते रोज करणं महत्त्वाचं.

नीट बघा, हळकुंड उचलताना अण्णा काय करतात. बहुतेक खांदा कानाकडे उचलतील आणि कमरेतून पुढे झुकतील. हात लांब करण्याऐवजी धडच पुढे नेतात, कोपर वाकलेलंच राहतं, आणि घरच्यांना वाटतं हात चालला. उपरणं किंवा पंचा छातीभोवती घेऊन खुर्चीच्या पाठीला सैलसर बांधा, श्वासाला अडचण होणार नाही इतकं. मग कोपर उघडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. परात आधी जवळ, मग रोज चार बोटं पुढे.

चेंडू काढून टाका. अण्णांची मूठ आधीच आवळलेली आहे, उणीव बोटं उघडण्यात आहे. त्याऐवजी पेला पकडण्यापेक्षा सोडण्याचा सराव द्या. कप्पीही आजच काढा. लुळ्या हाताच्या खांद्याचा सांधा सैल असतो. दोरीने हात वर ओढला जातो तेव्हा खांद्याचं पातं सोबत फिरत नाही आणि वरच्या हाडाखाली स्नायू चेमटतो. १९९० सालच्या एका छोट्या चाचणीत कप्पी वापरलेल्यांतले ६२ टक्के लोक खांदेदुखीने बेजार झाले, फिजिओने हात फिरवलेल्या गटात हे प्रमाण ८ टक्के होतं. उठवताना काखेत हात घालून ओढणं, दंडाला धरून बिछान्यावर सरकवणं यानेही तेच होतं. खांदा एकदा दुखायला लागला की अण्णा हात हलवायलाच नकार देतील, आणि मग वरचं सगळं अडून बसेल.

जाता जाता एक. पुण्याला नेऊन दोरखंडाने उचलून चालवायचं महागडं मशीन दाखवावं का, असंही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलं आहे. २०११ मध्ये अमेरिकेत ४०८ रुग्णांत हीच तुलना झाली : एकीकडे तसं ट्रेडमिल, दुसरीकडे फिजिओने घरी येऊन ताकद आणि तोलाचे व्यायाम घेणं. वर्षाच्या शेवटी चालण्यात फरक नव्हता. तोच पैसा फिजिओंची एखादी फेरी वाढवायला वापरा.

प्रश्न : आईला (वय ७१) सहा महिन्यांपासून दोन्ही हातांना कंप आणि चालणं मंद झालं आहे. कंपवात सांगितला. एमआरआय मात्र नॉर्मल. निदान खरं का? (वाई)

कंपवाताचं निदान तपासून होतं, एमआरआय बहुधा नॉर्मलच येतो. त्यामुळे त्यावरून शंका घेऊ नका. शंका दुसऱ्याच गोष्टीची घ्या. आई गेलं वर्षभर कोणत्या गोळ्या घेते, सगळ्या पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचा. चक्करेसाठी सिनारिझिन, फ्लुनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन, मळमळीला मेटोक्लोप्रमाइड, आणि पित्ताच्या कॅप्सूलमध्ये पँटोप्राझोल किंवा राबेप्राझोलच्या जोडीने येणारं लेव्होसल्पिराइड, ही सगळी औषधं हुबेहूब कंपवात आणू शकतात. ‘पित्ताची साधी गोळी’ म्हणून शेवटचं औषध महिनोन्महिने घेतलं जातं, मेडिकलमधून परस्पर आणलं जातं, आणि कंपाशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही. खऱ्या कंपवातात सुरुवात सहसा एका बाजूने होते, वास कमी झालेला असतो, अक्षर बारीक होत जातं. दोन्ही हातांना एकदमच सुरू झालं असेल तर औषध आधी आठवा.

यादी घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी थांबवल्यावर उतार पडायला आठवडे ते महिने लागतात, दुसऱ्या आठवड्यात धीर सोडू नका. मानसिक आजाराची औषधं मात्र स्वतःहून कधीही बंद करू नका. खरा कंपवात ठरला आणि त्यावरचं लेव्होडोपा हे औषध सुरू झालं, तर गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्या, लोहाची गोळी वेगळ्या वेळी.

प्रश्न : दाजींना लकवा झाला, दवाखान्यात एका औषधाच्या चाचणीत नाव घालू का असं विचारतात. गोळी खरी की नुसती पिठाची, हे डॉक्टरांनाही माहीत नसणार म्हणे. माणसावर असा प्रयोग करतात का? हो म्हणावं का? (तासगाव)

भीती वाटणं साहजिक आहे. पण पिठाच्या गोळीशिवाय खरं कळत नाही, याचं लकव्यातलंच उदाहरण घ्या. २०११ मध्ये फ्रान्समध्ये ११८ रुग्णांच्या चाचणीत निम्म्यांना फ्लुओक्सेटिन, म्हणजे नैराश्यावरचं औषध, तीन महिने दिलं आणि हातापायांची ताकद जास्त सुधारलेली दिसली. स्वस्त गोळी, चांगला निकाल. कित्येक ठिकाणी ती लकव्यानंतर लिहून दिली जाऊ लागली. मग ब्रिटनमध्ये ३,१२७ रुग्णांच्या चाचणीत निम्म्यांना तीच गोळी सहा महिने देऊन पाहिली. २०१८ चा निकाल : स्वावलंबनात काहीही फरक नाही, नैराश्य थोडं कमी, हाडं मोडण्याचं प्रमाण मात्र दुप्पट (२.९ टक्के, पिठाच्या गोळीवर १.५). ही मोठी चाचणी झाली नसती तर पुढे लाखो लोकांनी ती गोळी ‘हाताला ताकद येते’ म्हणून घेतली असती.

चाचणीत दोन्ही गटांना नेहमीचे उपचार मिळतातच, गोळी त्यावर जास्तीची असते. २०१९ च्या नियमांनुसार संमतीपत्र समजेल अशा भाषेत मिळालं पाहिजे. मराठीत मागा आणि घरी आणून निवांत वाचा. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदारासमोर वाचून दाखवावं लागतं. दाजींना बोलता येत नसेल तर जवळचे नातेवाईक सही करू शकतात, पण ते शुद्धीवर असतील तर त्यांना विचारल्याशिवाय करू नका. चाचणीचं औषध फुकट असतं. त्यामुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई द्यावी लागते. कधीही बाहेर पडता येतं, आणि नाही म्हटलं म्हणून उपचारात फरक करता येत नाही.

डॉक्टरांना विचारायचं ते असं : हे औषध आधी किती माणसांना दिलंय? जास्तीच्या किती फेऱ्या होतील, एस.टी.चं भाडं मिळेल का? रात्री त्रास झाला तर फोन कुणाला करायचा? सही केलेल्या कागदाची प्रत आणि त्यावर एथिक्स कमिटीचा (चाचणीत रुग्णाचं हित जपलं जातंय का ते पाहणारी समिती) नंबर आहे का? उत्तरं सरळ मिळाली तर हो म्हणायला हरकत नाही, असं आमचं मत आहे.

प्रश्न : मुलाला (वय ३४) वर्षापूर्वी लकवा झाला. ‘स्टेम सेलची चार इंजेक्शनं, मेंदू पुन्हा तयार होतो’ अशी जाहिरात पाहिली. खर्च काही लाखांत आहे. द्राक्षबागेचा एक तुकडा विकायचा विचार चालू आहे. (सांगलीजवळचं गाव)

जमीन विकू नका.

लकव्यात स्टेम सेलची तपासणी भारतातच नीट झाली आहे. पाच दवाखान्यांत १२० रुग्ण घेतले, अर्ध्यांना त्यांच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी शिरेतून दिल्या. २०१४ चा निकाल : धोका दिसला नाही, फायदाही दिसला नाही. आणि हे रुग्ण लकव्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतले होते, म्हणजे तुमच्या मुलापेक्षा जास्त अनुकूल टप्प्यावरचे. जाहिरातीत दाखवतात त्या माणसांत सुधारणा झाली असेलही. पण इंजेक्शनाबरोबर महिनाभर रोज तीन-तीन तास फिजिओथेरपीही देतात, आणि ती नसती तर काय झालं असतं हे पाहायला दुसरा गटच नसतो.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्टेम सेल उपचार म्हणून मान्य आहेत ते रक्ताच्या काही आजारांत. लकव्यासह बाकी सगळीकडे ते फक्त मंजूर चाचणीतच देता येतात, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. म्हणून त्या क्लिनिकला एकच विचारा : हा उपचार आहे की चाचणी? उपचार म्हणाले तर त्याला मान्यता नाही. चाचणी म्हणाले तर पैसे कशाचे, आणि सीटीआरआय क्रमांक द्या म्हणा. ही देशातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही आहे, २००७ पासूनची, कुणालाही इंटरनेटवर फुकट पाहता येते. क्रमांकात वर्ष आणि महिना असतो. तो टाकल्यावर तुलनेचा गट आहे का, खर्च कोण करतंय, एथिक्स कमिटी कोणती, हे सगळं दिसतं. नुसता क्रमांक असणं म्हणजे सरकारने पद्धत चांगली ठरवली, असं नाही. आतली माहिती वाचा, किंवा गावातल्या कॉलेजच्या मुलाकडून वाचून घ्या.

मुलाचं वय ३४ आहे. या वयात लकवा का झाला याचा शोध पूर्ण झालाय का, ते पत्रात नाही. हृदयाचा टू-डी एको, मानेतल्या वाहिन्यांची तपासणी, रक्त गोठण्याच्या दोषांच्या चाचण्या झाल्या नसतील तर मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात फाइल घेऊन जा आणि हाच प्रश्न विचारा. आणि अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त भरत असेल तर यूडीआयडी कार्डासाठी (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) त्याच फेरीत अर्ज करा. सोबत आधार, फोटो आणि डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स लागेल.